सोळा घरांचा सुतार

सातपुड्याच्या कुशीत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे गाव आहे. ब्रिटिश अमदानीत पश्चिम खानदेशात जी मेहवासी संस्थाने होती, त्यांपैकी एकाचे हे ठाणे. आज त्याचे नाव दूरवर पोचले आहे ते तेथील राजवाडी होळीमुळे. ही होळी १२४६ सालापासून चालत आली आहे असे स्थानिक परंपरा सांगते. सुमारे सत्तर फूट उंचीचा बांबू दांडा म्हणून आणावयाचा, त्याच्यासाठी खड्डा उकरताना कुदळफावड्याला हात लावावयाचा नाही, तो उभा करावयाचा तोही केवळ माणसांच्या बळावर, आणि रात्रभर ढोलाच्या तालावर नाचून पहाटे होळी पेटवावयाची, असा तेथील शिरस्ता आहे. महाराष्ट्रातून, गुजरातेतून आणि मध्य प्रदेशातून आदिवासी समाज त्या रात्री तेथे लोटतो.

अशा गर्दीत, धुळीत आणि अपुऱ्या उजेडात, शंभर पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही एक आकृती चटकन ओळखू येते. ती बुध्याची. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसे, उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. चेहरा दिसत नाही, वय कळत नाही, नाव तर कळण्याचा प्रश्नच नाही. तरीही ‘हा बुध्या’ असे लहान पोरही बोट दाखवून सांगते. जवळ जाऊन पाहिले तर या आकृतीच्या साहित्यात विकत आणलेले फारच थोडे आढळेल. बांबू, भोपळा, पिसे, राख, सारे घराच्या परसात किंवा रानात मिळणारे. मग ही ओळख येते कोठून?

ती येते तीन गोष्टींतून. पहिली बाह्यरेषा: टोपाने लांबलेले डोके आणि भोपळ्यांनी फुगलेली कंबर यांमुळे ही आकृती इतर माणसांच्या आकृतीपासून वेगळी पडते. दुसरी, गडद आणि फिकट यांचा विरोध: सावळ्या अंगावर पांढरा ठिपका रात्रीही लपत नाही. तिसरी, काय गाळावयाचे याचा निर्णय. अंधारात जे दिसणार नाही त्यावर कोणी श्रम खर्च केलेले नसतात. ही तीन तत्त्वे ज्याने ओळखली, त्याला कोणत्याही निरुपयोगी तुकड्यांतून कोणतीही आकृती उभी करता येईल. आणि हे म्हणणे खरे की खोटे, हे पडताळून पाहण्यास सर्वांत सोयीची आकृती कोणती, असे विचारले तर उत्तर अनपेक्षित वाटेल. ती आहे व्हिडिओ खेळातील एका मिशाळ सुताराची.

१९९० नंतरच्या दशकात ज्या शहरी घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खेळयंत्र आले, त्या घरांतील मुलांना ‘मारिओ’ हे नाव सांगावे लागत नाही. लाल टोपी, भरघोस मिशी, मोठे नाक, खांद्यावर पट्टे असलेली विजार, आणि उड्या मारीत पुढे जाण्याची घाई. हा मारिओ प्रथम अवतरला १९८१ साली, ‘डाँकी काँग’ नावाच्या खेळात. त्याची कल्पना शिगेरु मियामोतो या जपानी तरुणाची आणि खेळ जपानातील क्योतो शहरच्या निन्तेन्दो कंपनीचा. त्या खेळात त्याला मारिओ म्हणत नसत आणि त्याचा धंदाही नळ दुरुस्त करण्याचा नव्हता. तो सुतार होता. पुढे कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने भाड्याने घेतलेल्या गोदामाच्या मालकाचे नाव त्याला मिळाले आणि १९८३ सालच्या खेळात तो नळवाला बनला. परंतु जन्माने तो सुतारच. तेव्हा त्याची प्रतिमा लाकडात करावयाची, यात औचित्यभंग मुळीच नाही.

या सुताराला मिशी का आली, ही हकीगत मोठी उद्बोधक आहे. त्या काळच्या यंत्राच्या पडद्यावर चित्र म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची जुळणी असे. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावर जसे घर, तसेच हे समजावे. मारिओच्या वाट्याला सोळा घरे उंच आणि सोळा घरे रुंद एवढीच जागा आली, आणि रंग अवघे तीन. एवढ्याशा जागेत ओठ आणि तोंड काढू जावे तर सारा चिखल होई. म्हणून नाक मोठे केले आणि त्याखाली मिशी ठेवून तोंडाचा प्रश्नच मिटविला. केस काढावे तर उडी मारताना ते हलले पाहिजेत, ते साधेना. म्हणून डोक्यावर टोपी आली. पळताना हात हललेला दिसावा म्हणून सदरा एका रंगाचा आणि पट्ट्यांची विजार दुसऱ्या रंगाची झाली. सारांश, ज्या खुणांमुळे मारिओ जगभर ओळखला जातो, त्यांतील प्रत्येक खूण अडचणीतून निघालेली आहे. काठीच्या बुध्याला जो न्याय अंधाराने लावला, तोच या सुताराला सोळा घरांनी लावला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मियामोतो १९७७ साली निन्तेन्दोत नोकरी मागण्यास गेला, तेव्हा त्याने बरोबर नेले होते ते लहान मुलांचे कपडे टांगण्यासाठी स्वतः केलेले प्राण्यांच्या आकाराचे लाकडी हँगर. ते पाहूनच त्याला जागा मिळाली, असे सांगतात. ती कंपनीही मुळात यंत्रांची नव्हे. १८८९ साली ती निघाली तेव्हा फुलांची चित्रे असलेले हाताने केलेले पत्ते विकणे हा तिचा व्यवसाय होता. आपल्या सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी जशी एकाच गावात, चितारी कारागिरांच्या हातून, शेजारी शेजारी नांदली, तसाच हा प्रकार. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते असतात. आणि मत्स्यावताराला मासा, कूर्मावताराला कासव, परशुरामाला परशू एवढ्या एका खुणेवर अवताराची ओळख पटते. मोठा विषय लहान जागेत बसवावयाचा म्हणजे खूण निवडावी लागते, हे ज्ञान पडद्याच्या कितीतरी आधीचे आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रतिमेसाठी १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातील लहान मारिओ घ्यावा. तो बारा घरे रुंद आणि सोळा घरे उंच आहे. म्हणजे पट झाला १९२ घरांचा. त्यांपैकी सुमारे १४३ घरे भरलेली आणि बाकीची रिकामी. भरलेल्या घरांत लाल सुमारे ४५, तपकिरी सुमारे ५४ आणि कातडीच्या रंगाची सुमारे ४४. तिन्ही रंगांची वाटणी जवळजवळ सारखी आहे, हे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे.

प्रथम चौकटीच्या कागदावर, म्हणजे गणिताच्या वहीच्या पानावर, ही आकृती उतरून घ्यावी. हे काम घाईने करू नये, कारण येथे एका घराची चूक म्हणजे चेहऱ्याची चूक. डोळा म्हणजे एकाखाली एक अशी तपकिरी दोन घरे. मिशी म्हणजे वरच्या ओळीत एक घर आणि खालच्या ओळीत चार. टोपी म्हणजे वर पाच आणि खाली नऊ लाल घरे. खालची ओळ पुढच्या बाजूला अधिक निघालेली, तीच टोपीची कड. डोळ्याची घरे एक घर मागे सरकविली तर हाच सुतार झोपाळू दिसू लागतो. मिशीचे एक घर कमी केले तर तो रुसल्यासारखा वाटतो. मुलाने मुद्दाम अशा चुका कागदावर करून पाहाव्यात. खोडरबराने दुरुस्त होणारी चूक करवतीने दुरुस्त होत नाही.

त्यानंतर माप ठरवावे. आपल्याकडील सुतार अजूनही इंच आणि सूत या भाषेत बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. एक घर चार सुतांचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे धरले, तर मूर्ती आठ इंच उंच आणि सहा इंच रुंद होईल. टेबलावर ठेवण्यास हे माप पुरेसे आहे आणि लहान हातांना धरण्यासही सोपे. १४३ घरांना अर्धा इंच या दराने साडेएकाहत्तर इंच, म्हणजे सहा फुटांस थोडी कमी पट्टी लागेल. करवतीच्या पात्याने खाल्लेले लाकूड आणि वाया जाणारे तुकडे जमेस धरून सात फूट धरावी. चार सूत रुंद आणि चार सूत जाड अशी सात फूट पट्टी कोणत्याही सुताराच्या दुकानात भुसा झाडताना खाली पडलेली असते. फरक इतकाच की ती एकसंध नसते. वीतभर येथे, चार बोटे तेथे, अशी विखुरलेली असते. परंतु या कामाला ती तशीच हवी.

तुकडे गोळा करताना दोन पथ्ये पाळावीत. परदेशातून आलेल्या खोक्यांच्या आणि फळ्यांच्या चौकटींवर एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते, ते चालेल. ‘एमबी’ ही अक्षरे असतील तर त्यावर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घरात आणू नये. दुसरे पथ्य जुन्या रंगाचे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत असावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारखिडक्यांचे तुकडे घासले तर शिशाची धूळ श्वासावाटे पोटात जाण्याचा संभव असतो. म्हणून रंगीत जुने लाकूड मुलांच्या कामासाठी सोडून द्यावे.

रंगाचा प्रश्न लाकडानेच सोडवावा, हे अधिक बरे. खोक्याचे चिडाचे लाकूड फिकट पिवळे असते; ते चेहऱ्याला आणि हातांना योग्य. मिशी, केस, सदरा आणि बूट यांच्या तपकिरी रंगासाठी शिसवीचा तुकडा मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास जुना काळवंडलेला साग. लालसाठी खैराचा गाभा लालसर असतो खरा, पण तो इतका कठीण की मुलाच्या करवतीला दाद देत नाही. त्यापेक्षा चिडाच्याच पट्टीला गेरू सरसाच्या पाण्यात कालवून दोन हात द्यावेत. घराच्या भिंतीला, तुळशीवृंदावनाला जो लाल रंग शतकानुशतके शोभला, तो या टोपीलाही शोभेल. हळदीचा पिवळा रंग मात्र घेऊ नये. तो उन्हात थोड्याच दिवसांत उडतो.

आता कापणी. १४३ घरांचे १४३ तुकडे करण्याचा उत्साह पुष्कळांना होतो, आणि तो पन्नासाव्या तुकड्याला संपतो. वास्तविक एका ओळीत लागून आलेली एकाच रंगाची घरे ही एकच काडी समजावी. टोपीच्या कडेची नऊ घरे म्हणजे साडेचार इंचांची एक काडी. या रीतीने मोजले तर सारे काम सुमारे चोपन्न तुकड्यांत आटोपते. कापताना पट्टी गुण्याला लावून पेन्सिलीची रेघ चारही बाजूंनी फिरवावी आणि करवत रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवावी. रेघेवरून चालविली तर प्रत्येक तुकडा पात्याच्या जाडीइतका आखूड होतो आणि बाराव्या घरापर्यंत पोचताना ओळ अर्धे घर कमी भरते. मुलांना अपूर्णांकांची बेरीज वर्गात पटत नाही, ती येथे पटते.

करवतीसमोर बोट येऊ नये म्हणून तुकडा हातात न धरता शेगड्यात पकडावा. शेगडा नसेल तर एका फळीला दोन पट्ट्या ठोकून त्यांच्यामध्ये तुकडा बसेल अशी खाच करावी. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर स्वच्छ फडके असावे. दहा वर्षांखालील मुलाने आखावे आणि चिकटवावे. कापण्याचे काम मोठ्याने करावे.

चिकटविण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. लाकूड हे उभ्या तंतूंचे बनलेले आहे. उसाच्या कांड्यासारखे म्हटले तरी चालेल. तंतूंच्या लांबीच्या बाजूने दोन तुकडे जोडले तर सांधा मजबूत होतो. परंतु जेथे तंतू तोडलेले आहेत त्या टोकाला टोक जोडले तर चिकट द्रव्य तंतूंच्या पोकळीत शोषले जाते आणि सांधा कच्चा राहतो. आता आपल्या आकृतीत प्रत्येक ओळीतील काड्या टोकाला टोक लावूनच बसतात. मग मूर्ती टिकावी कशी? याचे उत्तर प्रत्येक भिंतीत लिहिलेले आहे. गवंडी खालच्या विटांच्या सांध्यावर वरची अखंड वीट ठेवतो. सुदैवाने या सुताराच्या बहुतेक ओळींतील सांधे एकमेकांवर येत नाहीत. डोक्यावर नऊ घरांची अखंड काडी आहे, हनुवटीला सात घरांची आहे, पोटाला सहा आणि आठ घरांच्या आहेत. वरच्या आणि खालच्या ओळी परस्परांना लांब बाजूने घट्ट चिकटतात आणि मधले कच्चे सांधे आवळून धरतात. जेथे सांध्यावर सांधा येतो तेथे पाठीमागून पातळ प्लायवूडची पट्टी लावावी, म्हणजे झाले.

पूर्वी सुतार यासाठी जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला सरस गरम करून वापरीत. १९५९ साली फेव्हिकॉल आल्यापासून ती दगदग गेली. सागाचा तुकडा असेल तर चिकटविण्याच्या अगोदर ती बाजू काचकागदाने ताजी घासून घ्यावी. सागात नैसर्गिक तेल असते आणि ते वर आले की कोणतेही चिकट द्रव्य नीट धरत नाही. आकृती पायाकडून सुरू करून एका वेळी तीन-चार ओळी लावाव्यात, सुतळीने आवळाव्यात आणि रात्रभर ठेवाव्यात. आठवड्याच्या संध्याकाळी या कामाला पुरतात. शेवटी समोरची बाजू काचकागदाने एकदाच सपाट करावी, आणि गेरू त्यानंतर द्यावा. आधी दिला तर लाल भुकटी पांढऱ्या चेहऱ्यावर पसरते आणि सुताराला गोवर आल्यासारखा दिसतो.

येथे एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील की, बाजारात अशी प्लास्टिकची बाहुली थोडक्या पैशांत मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि ‘हातांना वळण लागते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला जी शिक्षणपरिषद भरली, तिने हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा पाया मानला. तिचा अभिप्राय मुलांना कारागीर करण्याचा नव्हता. वस्तू करता करता विचार करावा लागतो, आणि तो विचार पुस्तकातील विचारापेक्षा खोल रुजतो, असा होता. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या नळीचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या यांतून शास्त्राची खेळणी करून दाखविली, त्यांचेही सांगणे याच जातीचे. मुलाच्या हातात खेळयंत्राचे बटण असते तेव्हा आकृती कोणी केली, अशीच का केली, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवत नाही. ती जणू आकाशातून पडलेली असते. तोच मुलगा जेव्हा डोळ्याचे घर मागे-पुढे करून पाहतो, तेव्हा त्याला प्रथमच कळते की ही आकृती कोणा माणसाने, पुष्कळ विचार करून, पुष्कळ गाळून ठरविलेली आहे. बघ्याचा कर्ता होण्याची ही पहिली पायरी.

परंतु ती पहिलीच आहे, हेही विसरता कामा नये. मारिओची प्रतिमा करणाऱ्या मुलाने लाकूड कापले, जोडले आणि रंगविले खरे. तथापि काय ठेवावे आणि काय गाळावे हा निर्णय त्याच्यासाठी क्योतोत बसलेल्या मनुष्याने चाळीस वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता. कित्ता गिरविल्याने अक्षर सुधारते. पत्र लिहिता येतेच असे नाही. शिवाय ही आकृती एका कंपनीच्या मालकीची आहे. घरच्या टेबलावर ती खुशाल ठेवावी. करून विकण्याचा अधिकार मात्र कोणास नाही.

म्हणून दुसरी प्रतिमा आपल्या पाहण्यातील असावी. पट तोच, बारा गुणिले सोळा. लाकूड तेच, रंग तेच तीन. विषय मात्र कोणी आधी घरांत बसविलेला नसावा. नाक्यावरचा फुगेवाला, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, पंढरीच्या वाटेवरचा टाळकरी, यांपैकी कोणीही चालेल. काम सुरू करताच अडचण उभी राहते. टाळकऱ्याचे टाळ दोन घरांत बसतात, पण पताका घेतली तर हाताला जागा उरत नाही. टोपलीला चार ओळी दिल्या तर कोळणीचे पाय तोकडे होतात. येथे पुस्तक साह्याला येत नाही, पडदाही येत नाही. मुलाला पुन्हा नाक्यावर जाऊन उभे राहावे लागते आणि स्वतःला विचारावे लागते: दुरून येणारा फुगेवाला आपण ओळखतो तो कशावरून?

काठीसारख्या गावातील शाळेत हाच पाठ दिला तर तेथील मुलांना उदाहरण शोधण्यास बाहेर जावे लागणार नाही. बुध्याला सोळा घरांत बसविण्याचा यत्न करून पाहावा. टोपाला आणि पिसांना निदान सहा ओळी हव्यात, म्हणजे चेहऱ्याला दोनच उरतात. आणि चेहरा तर त्या रात्री कोणी पाहतच नाही, तेव्हा दोन पुरेत. कमरेच्या भोपळ्यांसाठी आकृती दोन्ही बाजूंनी दोन-दोन घरे रुंद करावी लागेल. पांढरा ठिपका एका घराचा. असे चार ठेवले तर पुरतात, दहा ठेवले तर अंग कोड फुटल्यासारखे दिसते. घुंगरू दिसत नाहीत. ते गाळावे लागतील, आणि ते गाळताना मन कचरेल, कारण बुध्याची अर्धी ओळख कानांनी पटते. नाद लाकडात उतरत नाही. कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे लागले, हे ज्याला मनापासून कळले त्याने ती आकृती खरोखर पाहिली, असे समजावे.

यात एक मर्यादाही पाळावयाची आहे. बुध्या हे खेळातले पात्र नव्हे. ज्याने तो वेष घेतला त्याने बहुधा नवस बोललेला असतो. त्या दिवसांत खाटेवर न निजणे यांसारखे कडक नियम तो पाळतो, आणि व्रत संपले की वेष उतरतो. तेव्हा शहरातील मुलाने त्याची प्रतिमा केली तर ती पायांशी लोळू देऊ नये आणि तिच्याशी लढाईचे खेळ खेळू नयेत. गणेशमूर्ती करणारा मुलगा जी अदब नकळत बाळगतो, तीच येथेही बाळगावी. ज्या समाजाने शतकानुशतके रानातील वस्तूंतून अशी आकृती घडविली, त्याच्या डोळ्यांची आणि हातांची ती पोच आहे.

दोन्ही प्रतिमा पूर्ण झाल्या की त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दहा पावले मागे जाऊन, खोलीतला दिवा मंद करून, घरातील आजीला किंवा शेजारच्या लहान मुलाला विचारावे, “हे कोण?” मारिओचे नाव आजीला सांगता येणार नाही, पण ‘हा कोणी टोपीवाला मिशाळ कामकरी दिसतो’ असे ती म्हणाली, तर क्योतोच्या त्या कारागिराचा निवाडा बरोबर होता. दुसऱ्या आकृतीकडे पाहून तिने फुगेवाला, टाळकरी किंवा बुध्या ओळखला, तर करणाऱ्याचाही बरोबर ठरला. न ओळखला, तर निराश होण्याचे कारण नाही. कागद पुन्हा पुढे घ्यावा, खोडरबर हाताशी ठेवावे, आणि एक घर कमी करून पाहावे. सुताराच्या दुकानात तुकड्यांची वाण कधीच पडत नाही.